तापीकाठच्या पाणथळी आणि पाणपक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागं साचलेल्या पाण्यावर), नकाण्याच्या तलावावर किंवा गावच्या पाझर तलावावर पक्षी बघायला जाणारे, त्याच पाण्यात जाळं टाकणारे आणि त्याच काठावर हरभरा पेरणारे असे सगळे जण जे प्रश्न विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण त्या प्रश्नांत गुंतागुंत आहे. काहींना दोन ओळी पुरतात.

खानदेशात समुद्र नाही. मग समुद्राच्या आरोग्याशी आपला काय संबंध?

तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढं खंभातच्या आखातात शिरते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई, गोमाई या सगळ्या तिलाच मिळतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तरेची नर्मदाही त्याच आखातात जाते. म्हणजे खानदेशच्या शिवारातलं बहुतेक सगळं पाणी एकाच दारानं समुद्रात उतरतं.

त्याच्यासोबत जे जातं ते आपलंच असतं. केळीच्या घडावर चढवायच्या पातळ पिशव्या, ठिबकच्या फाटलेल्या नळ्या, मल्चिंगचा कागद, कापसावरच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या. नाल्याच्या काठी टाकलेला हा ढीग पहिल्या मोठ्या पुरात उचलला जातो. काही गुजरातेतल्या उकाई धरणाच्या जलाशयात अडकतो, तिथं बारीक तुकडे होतात, आणि तुकडे दरवाजातून सहज निघतात. घडाची पिशवी काढली की तिथंच गोणीत भरायची आणि गोणी पूररेषेच्या वर ठेवायची. सगळ्यात स्वस्त उपाय हाच. नाल्यात गेलेली पिशवी परत गोळा करणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही.

दुसरा धागा पक्ष्यांचा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी १० मीटरच्या आसपास जातो, त्यामुळं तिथं मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर चरणारे टिलवे, तुतवार, पाणटिवळे हे हिवाळ्यात आपल्या धरणांच्या काठीही दिसतात. त्यांना खारं-गोडं यापेक्षा चिखल ओला आहे की नाही आणि त्यात किडे आहेत की नाहीत, एवढंच कळतं.

खानदेशात पाणथळी नेमक्या कुठं आहेत?

सगळ्यात मोठी आणि समृद्ध म्हणजे हतनूर. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो, त्याच्या खाली भुसावळ तालुक्यात हे ४१ दरवाजांचं धरण आहे. महत्त्वाचं पक्षिक्षेत्र म्हणून त्याची नोंद आहे. गाळानं फुगवटा उथळ झाला, बेटं तयार झाली, काठाला पाणकणीस वाढलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा शुद्ध तोटा आहे, बदकांच्या हिशेबात नाही. हा पेच पुढं गाळाच्या प्रश्नात परत येईल.

जळगावात मेहरूण तलाव आणि वाघूर धरण, धुळ्याजवळ नकाणे आणि डेडरगाव तलाव, शिरपूर तालुक्यात अनेर धरण (याच्याभोवती अभयारण्य आहे), तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज, नवापूरकडं उकाईचा फुगवटा, तोरणमाळला यशवंत तलाव. आणि शेकडो पाझर तलाव, ज्यांची नोंद कुणी घेत नाही. पांझरेवरचे फड पद्धतीचे (गावानं मिळून पाणी वाटून घ्यायचे) जुने बंधारेही यात धरा. बंधाऱ्यामागच्या गुडघाभर पाण्यात बगळे, धोबी आणि खंड्या वर्षभर असतात.

यातली जवळजवळ प्रत्येक जागा माणसानं बांधलेली आहे. त्यामुळं इथल्या पक्ष्यांचं नशीब दरवाजे कधी उघडतात यावर ठरतं. खालची निम्मी उत्तरं शेवटी तिथंच येऊन पोहोचतात.

पाहुणे पक्षी कधी येतात आणि कोणते?

पोळ्यानंतर पहिले तुतवार दिसू लागतात. बदकं दिवाळीच्या पुढंमागं येतात, डिसेंबर-जानेवारीत संख्या सर्वाधिक असते आणि होळीनंतर काठ रिकामे होऊ लागतात. हे सगळे मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे प्रवासी. हा मार्ग ३० देशांवरून जातो.

चक्रवाक ओळखायला सगळ्यात सोपा : नारिंगी-बदामी अंग, फिकट डोकं, जोडीनं फिरणं. थापट्याची चोच फावड्यासारखी. तलवार बदकाची शेपटी टोकदार. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं शेंदरी आणि चोच लाल. पट्टकदंब हंसाच्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे. हा तिबेट, लडाख, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. ज्यांना 'परदेशी' समजून फोटो पाठवले जातात, त्यातले बरेच इथलेच असतात : हळदी-कुंकू बदक (चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके, नाव विसरणं अशक्य), अडई, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, चित्रबलाक, उघडचोच करकोचा.

यंदा धरण तुडुंब भरलंय, तरी पक्षी का नाहीत?

तुडुंब भरलंय म्हणूनच नाहीत. दरवर्षी जानेवारीत हा प्रश्न येतो आणि दरवर्षी लोकांना उत्तर पटत नाही.

पाणपक्षी पाण्यावर जगत नाहीत, पाण्याच्या काठावर जगतात. छोट्या टिलव्याचे पाय इवलेसे असतात. त्याला दोन-चार सेंटिमीटर पाण्याचा किंवा नुसता ओला चिखल लागतो. शेकाट्या लांब पायांमुळं वीतभर पाण्यात चालतो. थापट्या, तलवार बदक, गडवाल ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपटी वर, मान खाली करून जेवढं पोहोचेल तेवढंच खातात, म्हणजे फार तर हातभर. मीटरभर किंवा त्याहून खोल पाणी उपयोगाचं ते लालसरी, वारकरी, पाणकावळे अशा बुडी मारणाऱ्यांना.

आता काठाचा उतार बघा. उतार शंभराला एक असेल, तर पाणी १० सेंटिमीटर उतरलं की १० मीटर रुंदीचा नवा ओला पट्टा उघडा पडतो. तोच उतार दहाला एक असेल, तर पट्टा फक्त एक मीटर. हतनूरसारख्या पसरट फुगवट्यात थोडं पाणी उतरलं तरी मैदानच्या मैदान मिळतं. दगडी पिचिंगच्या तलावात कितीही उतरलं तरी काही मिळत नाही.

म्हणून परतीचा पाऊस लांबला आणि धरण जानेवारीपर्यंत काठोकाठ राहिलं, की चिखलातले पक्षी दुसरीकडं जातात आणि बदकं शेजारच्या छोट्या पाझर तलावांत विखुरतात. उलट, आवर्तनासाठी पाणी झपाट्यानं सोडलं तर चिखल दोन दिवसांत वाळून भेगाळतो आणि त्यातले किडे खोल जातात. पाणी हळूहळू, दिवसाला बोटा-दोन बोटांनी उतरत राहिलं, तर रोज ताजी पंगत बसते.

तेव्हा 'पक्षी कमी झाले' असं लिहिण्याआधी त्या दिवशीची पाणीपातळी लिहा. पातळीशिवायचा आकडा पुढच्या वर्षीच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

पाणपक्ष्यांची मोजणी नेमकी कशी करायची?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्याच वेळेला मोजलं तर आकडा उपयोगी पडतो. पद्धत अशी :

मोजायच्या जागा आधीच ठरवा आणि दरवर्षी त्याच ठेवा. मोठ्या फुगवट्यासाठी चार ते सहा जागा, पाझर तलावाला एक पुरते. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पूर्व काठावरून पश्चिमेला बघायचं. उलट केलं तर चकाकीत सगळी बदकं काळी दिसतात. जानेवारीत तापीवर धुकं असतं, ते विरल्यावर सुरू करा आणि उन्हानं हवा थरथरायला लागायच्या आत, साधारण साडेदहापर्यंत आटपा.

एका जागी एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. आधी पूर्ण पाण्यावरून डावीकडून उजवीकडं एकदा नजर फिरवून अंदाज घ्या. मग एकेक जात घ्या. थवा शंभराच्या आत असेल तर एकेक मोजा. मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते दहा डोळ्यांत किती जागा व्यापतात ते लक्षात ठेवा, त्यावरून पन्नासचा तुकडा बसवा आणि तो तुकडा थव्यावर पुढं पुढं ठेवत जा. नवखा माणूस मोठा थवा बहुधा कमीच मोजतो. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून बघा, फार फरक आला तर पुन्हा मोजा.

घोळ कुठं होतो? दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की सगळा थवा उठतो आणि पुढच्या जागेवर जाऊन बसतो. तिथं दुसरी जोडी तोच थवा पुन्हा मोजते. म्हणून सगळ्या जागांची मोजणी एकाच वेळी सुरू करा आणि थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा. दुसरा घोळ : ओळख पटली नाही की जवळच्या जातीत ढकलणं. 'बदक, जात अनिश्चित, ४०' असं लिहिणं जास्त प्रामाणिक. तिसरा : काहीच दिसलं नाही म्हणून कागद कोरा ठेवणं. शून्य लिहा, शून्य हाही आकडा आहे.

कागदावर जागा, तारीख, सुरुवात-शेवटची वेळ, पाणीपातळी (भरलेल्याच्या अर्धी, पाऊण अशी चालेल), ढग, वारा, होड्या किती आणि जाळी किती हे हवंच.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट मोठं दिसणाऱ्या दुर्बिणीत हात थरथरतो आणि पाण्यावरचं ऊन त्यात भर घालतं. मोठ्या धरणावर पलीकडच्या काठासाठी तिपाईवरचा २०-६० पटींचा स्पॉटिंग स्कोप लागतो, तो गटात एक असला तरी भागतं.

वाळूच्या बेटावर उन्हाळ्यात जाऊ नका, असं का सांगतात?

नदी सुरय आणि छोटी आर्ली हे पक्षी घरटं बांधतच नाहीत. तापी, गिरणा, पांझरेच्या पात्रात पाणी उतरून वाळूचे पट्टे उघडे पडले की वाळूत बशीएवढा खळगा करून त्यात दोन-तीन अंडी घालतात. मार्च ते मे, म्हणजे आखाजीच्या सुमारास काम भरात असतं. अंडी वाळूच्याच रंगाची असतात. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

इथल्या उन्हात पारा ४४-४५ अंशांवर जातो, वाळू त्याहून कितीतरी तापते. त्या वेळी आई-बाप अंडी उबवत नसतात, थंड ठेवत असतात. अंगाची सावली धरतात, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंड्यांवर बसतात. तुम्ही जवळ गेलात की ते उठून डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात. लोकांना वाटतं, किती छान फोटो मिळतोय. खाली तेवढ्या वेळात अंडी शिजत असतात. भर दुपारी दहा-पंधरा मिनिटं पुरेशी होतात.

सुरय डोक्यावर येऊन ओरडायला लागली की ज्या पावली आलात त्याच पावली मागं फिरा. पुढं जाऊन वळसा घालू नका, पुढं आणखी खळगे असतात. पात्रापासून किमान शंभर मीटर लांब बसा.

बेट पात्राला जोडलं गेलं की कुत्री आणि कोल्हे पोहोचतात, ही दुसरी अडचण. वाळू उपशाची वाट बेटापर्यंत गेली की ती कायमची जोडली जाते. तिसरी म्हणजे वरून अचानक सोडलेलं पाणी. पिण्याचं आवर्तन अडवता येत नाही, ते योग्यही नाही. पण बेटांवर अंडी आहेत हे मार्चअखेर पाटबंधारेच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवलं, तर निदान पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्यानं सोडण्याची विनंती करता येते. जागा कळवताना ती समाजमाध्यमांवर टाकू नका.

आमच्या तलावाचं पाणी हिरवं झालंय आणि पहाटे मासे मरतात. पाण्यात कुणी विष टाकलं का?

बहुतेक वेळा नाही. वेळ लक्षात घ्या : मासे पहाटे मरतात. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही श्वास घेतं. युरिया, शेणपाणी, सांडपाणी उतरून शेवाळ दाट झालं की रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सूर्योदयाआधी तळ गाठतो. त्यात गरम पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कटला गुदमरू लागतात. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसणं ही पहिली खूण. मोठे मासे आधी मरतात. विषबाधेत लहान-मोठे एकदम आणि कोणत्याही वेळी मरतात, सोबत बेडूक आणि पाणकिडेही मेलेले दिसतात.

दुसरा धोक्याचा दिवस म्हणजे मे-जूनमधला पहिला वळीव. थंड पाणी खाली बसतं, तळाचा सडका थर वर येतो आणि दिवसाउजेडीही मासे उलटे होतात.

तपासायला घरी चकती करता येते. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल चकती घ्या, चार भाग करून समोरासमोरचे काळे-पांढरे रंगवा, खाली वजन आणि मधून दोरी बांधा, दोरीवर दर ५ सेंटिमीटरला गाठ. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूनं सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढा. २५ सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली आणि पाणी हिरवं असेल, तर पहाटेचा धोका आहे. पाणी तांबूस-मातकट असेल तर तो गाळ, त्याचा हिशेब वेगळा.

करायचं काय? खाद्य आणि शेण टाकणं लगेच थांबवा. पहाटे तीन ते सहा पंपानं तलावाचंच पाणी उपसून फवाऱ्यासारखं परत तलावात पाडा. शक्य असेल तर विहिरीचं ताजं पाणी सोडा. मेलेले मासे बाहेर काढून पुरा. घाबरून पोत्यानं चुना टाकू नका. चुन्यानं सामू (पीएच) चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूप घेतो, म्हणजे उरलेले मासेही जातात.

जलपर्णी कशी काढायची? फवारून टाकली तर?

फवारू नका. मेलेला थर तळाला जाऊन कुजतो, उरलासुरला प्राणवायू खातो आणि वरच्या प्रश्नातलं संकट ओढवतं.

अनुकूल हवेत जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून अर्धी काढून 'पुढच्या महिन्यात बाकीची' असं चालत नाही. पाणी सर्वांत कमी असताना, एप्रिल-मेमध्ये, जांभळी फुलं यायच्या आत काढा. बी चिखलात अनेक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळं पुढची दोन-तीन वर्षं दर पंधरवड्याला काठ फिरून नवी रोपं हातानं उपटावी लागतात. गावं इथंच कंटाळतात. काढलेला ढीग पूररेषेच्या वर न्या, काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत पाण्यात. तिच्यात पाणीच ९० टक्क्यांहून जास्त, म्हणून आधी आठवडाभर वाळवा, मग शेणाच्या थरांसोबत खड्ड्यात कुजवा. कारखान्याचं किंवा शहराचं सांडपाणी येत असेल तर ते खत भाजीपाल्याला वापरू नका. जलपर्णी जड धातू शोषून घेते.

बेशरमाची झुडपं तोडून भागत नाही, कांडीचा तुकडा ओल्या मातीत पुन्हा फुटतो. मुळासकट उपटून उन्हात वाळवा. आणि साफसफाईच्या भरात पाणकणीस, कमळ आणि पाण्याखालची वेलीसारखी शेवाळं काढू नका. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी त्यातच घरं करतात.

गाळ काढणं चांगलं की वाईट?

शेतकऱ्याला तो गाळ सोन्यासारखा आहे आणि गावाला पाण्याची गरज आहे, त्यामुळं 'काढू नका' असं सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे आणि लोक मागणी करतात. प्रश्न कसा काढायचा एवढाच आहे.

जेसीबीवाला काठाशी खोदतो, कारण तिथं ट्रॅक्टर पोहोचतो. त्यानं काठ उभा होतो आणि चिखलाचा पट्टा कायमचा जातो. शिवाय गुरं पाण्याला उतरताना घसरतात, पोरं बुडतात. त्यामुळं खोदायचं ते मध्यभागी. एका बाजूचा, शक्यतो उथळ वरच्या टोकाचा पाव भाग हात न लावता सोडा. बाकी काठाचा उतार दहाला एकपेक्षा तीव्र होऊ देऊ नका. मुरूम लागला की थांबा, तो फोडला तर पाणी झिरपून जातं आणि जास्तीच्या खोलीचा फायदा उरत नाही. मधे एखादा उंचवटा, दहा बाय दहा मीटरचा, ठेवलात तर पुढच्या वर्षी त्यावर पक्षी बसतात. काम एप्रिल-मेमध्येच चालतं आणि तोच टिटवी-सुरयांचा अंड्यांचा काळ, म्हणून यंत्र उतरायच्या आदल्या दिवशी कोरड्या भागात एकदा पायी फिरून या.

गाळपेरात शेती करतो. पक्ष्यांना त्रास होतो का?

पाणी उतरलेल्या जमिनीत हरभरा, टरबूज, भाजीपाला घेणं ही जुनी रीत आहे आणि सुगीनंतर सांडलेल्या दाण्यांवर करकोचे, चक्रवाक येतात. त्रास फवारणीचा आहे. त्या जमिनीला पाणी पुन्हा चढणार आहे, म्हणजे मातीत टाकलेलं सगळं थेट धरणात. पाण्याच्या कडेचा २० मीटर पट्टा न फवारता सोडा, पंप आणि डबे तिथं धुऊ नका. दाणेदार फोरेट विकायला आणि वापरायला २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. जुना साठा कुणाकडं असेल तर तो गाळपेरात चुकूनही नको, दाणे पक्षी उचलतात. बदकं पीक खात असतील तर चमकत्या पट्ट्या बांधा आणि दर तीन दिवसांनी जागा बदला, नाहीतर ती सरावतात.

जाळ्यात अडकलेला पक्षी दिसला तर?

तंगूसाची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी पाण्यात दिसत नाहीत, म्हणून टिबुकली, पाणकावळा, वारकरी त्यात बुडून मरतात. जिवंत सापडला तर आधी जाडसर फडक्यानं डोकं झाका, अंधार झाला की तो शांत होतो. बगळा किंवा करकोचा असेल तर चोच हातात धरा. तो थेट डोळ्यावर मारतो. पंख अंगाशी मिटवून धरा. धागा ओढू नका, बोथट टोकाच्या कात्रीनं एकेक कापा आणि पंखाच्या बगलेत, जिभेखाली, पायाला धागा राहिला नाही ना ते बघा.

जखम नसेल तर लगेच सोडा. जखम असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. भात, दूध, पोळी काहीही नको. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

टिबुकलीबद्दल एक सूचना. रस्त्यावर किंवा शेतात बसलेली, उडता न येणारी टिबुकली बऱ्याचदा धडधाकट असते. तिचे पाय फार मागं असल्यानं तिला जमिनीवरून उडताच येत नाही, पाण्यावर धावत सुटावं लागतं. जखम नाही ना एवढं बघून जवळच्या पाण्यात सोडा.

एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले दिसले, हात लावावा का?

नाही. देशातला एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कोंबड्यांमध्येच झाला होता, त्यामुळं खानदेशात हे कुणाला वेगळं समजवावं लागू नये. जागा, जात, संख्या लिहा, लांबून फोटो घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखाना व वनविभाग दोघांना कळवा. कुत्री-डुकरं लांब ठेवा. त्या तलावावरून येऊन थेट कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊ नका, चपला धुवा, कपडे बदला.

उन्हाळ्यात उथळ, सडलेल्या पाण्यावर बदकांची मान लुळी पडून ती मरत असतील तर बोट्युलिझमची (जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची) शक्यता असते. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्या खाऊन बाकीचे मरतात, म्हणून मृत पक्षी लवकर उचलले जाणं महत्त्वाचं. पण तेही यंत्रणेनं, हातमोजे घालून.

हतनूर कायद्यानं संरक्षित पाणथळ आहे का? आमचा तलाव?

इथं लोकांचा मोठा गैरसमज आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. खानदेशातल्या जवळजवळ सगळ्या पाणथळी नेमक्या याच यादीत बसतात. महत्त्वाचं पक्षिक्षेत्र ही ओळख अभ्यासकांची आहे, तिला कायद्याचं बळ नाही. रामसर दर्जा, म्हणजे पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, राज्यात पहिल्यांदा २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला मिळाला, तोही बंधाऱ्याचाच फुगवटा. म्हणजे बांधलेली जागा आहे म्हणून दार कायमचं बंद होत नाही, पण त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

तोवर हाताशी काय आहे? पक्षी मारणं, पकडणं, अंडी उचलणं याला १९७२ चा वन्यजीव कायदा कुठल्याही पाण्यावर लागू आहे. सांडपाणी सोडण्याला १९७४ चा जल प्रदूषण कायदा. आणि ग्रामपंचायतीकडं जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही असते. बहुतेक गावांत ती एकदा भरून कपाटात गेलेली असते. ग्रामसेवकाकडून मागून बघा, तुमचा पाझर तलाव आणि त्यावरचे पक्षी त्यात आहेत का. नसतील तर समितीकडून ठराव करून घालता येतात.

मांगूर माशाचं बीज सोडलं तर चालेल का?

आफ्रिकन (थाई) मांगुराच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे. तो हवेतून श्वास घेतो, म्हणून सडक्या पाण्यातही तगतो, आणि बाकीचे मासे, बेडूक, पिल्लं खातो. पुरात तलाव फुटला की थेट तापीत. घरच्या टाकीतली लाल कानाची कासवंही तलावात सोडू नका.

ड्रोन उडवला तर?

बदकांना वरून येणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्षी वाटते. एका फेरीत सगळा फुगवटा रिकामा होतो आणि त्या दिवशीची मोजणी वाया जाते. हिवाळ्यात हतनूरवर तर अजिबात नको.

मला एकट्याला, महिन्यातून एकच दिवस मिळतो. काय करू?

एकच तलाव निवडा, घराजवळचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच दगडावर बसून तासभर मोजा आणि पाणी कुठवर आलंय ते एखाद्या ठरलेल्या खुणेवरून, बाभळीच्या बुंध्यावरून किंवा सांडव्याच्या पायरीवरून, लिहा. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि वहीतही ठेवा. बारा रविवारांत त्या तलावाच्या पाण्याचा चढउतार आणि पक्ष्यांचं येणं-जाणं शेजारी शेजारी मांडलेलं दिसेल, आणि गाळ काढायची चर्चा ग्रामसभेत निघेल तेव्हा कुठला काठ सोडायचा हे तुमच्या वहीत असेल.